रिसेप्टर कमी झाले म्हणजे औषध फसलं?

‘इंटरफेरॉनमुळे ल्युकेमियाच्या पेशींवरचे रिसेप्टर कायमचे नष्ट होतात, मग औषध निरुपयोगी,’ असा ल्युकेमियाबद्दलचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरबद्दलचा, मेसेज फिरतोय. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची, बाहेरचा निरोप घेणारी प्रथिनं; इंटरफेरॉन हे त्यांना चिकटून काम करणारं औषध. त्यात अर्धंच खरं आहे.

इंटरफेरॉन-अल्फा रिसेप्टरला चिकटलं की ती जोडी पेशीच्या आत ओढली जाते. त्यामुळे पृष्ठभागावरचे रिसेप्टर घटतात, हे खरं. पण तोवर जॅक-१ आणि टिक-२ ही एन्झाइम्स जागी होऊन स्टॅट प्रथिनांमार्फत निरोप केंद्रकापर्यंत जातो. दार बंद झालं, पण पत्र आत पोचलेलं असतं! शिवाय पेशी नवे रिसेप्टर बनवतेच. ‘कायमचे’ हा शब्द कुठून आला कोण जाणे.

हेअरी सेल ल्युकेमियासाठी अमेरिकेत १९८६ मध्ये हे औषध मंजूर झालं. नुसत्या रिसेप्टरच्या आकड्यावरून ते लागू पडतंय की नाही, हे ठरत नाही. मेसेज वाचून इंजेक्शन थांबवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.