काड्यांचे पूल आणि साइटवरची धूळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस गप्प बसलो. इंजिनिअरांनी हायस्कूलच्या मुलांना हाताशी धरून डिझाइन आणि बांधकामाची ओळख करून द्यावी, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: काड्यांचे पूल करून कोणी इंजिनिअर होत नाही, चकचकीत थ्रीडी चित्रांमागे साइटवरची धूळ लपवली जाते, आणि कंपन्या हे सगळं उद्या आपल्याला माणसं मिळावीत म्हणून करतात.

शेवटचा मुद्दा मान्य. अमेरिकेत चार्ल्स थॉर्नटन या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पुढाकाराने १९९४ साली हायस्कूलच्या मुलांना डिझाइन आणि बांधकामाची ओळख करून देणारा 'एस मेंटॉर प्रोग्रॅम' सुरू झाला, तोही या क्षेत्रातल्या कंपन्यांना सोबत घेऊनच. मुलांनी या व्यवसायात यावं हा हेतू तिथेही उघड आहे. स्वार्थ असू दे. त्यापायी आपण मुलांशी खोटं बोलतो का, एवढंच मी बघतो.

काड्यांचे पूल. कोणाचा पूल जास्त वजन पेलतो अशी नुसती स्पर्धा लावली, तर तो खेळच. आमचं काम पूल मोडल्यावर सुरू होतं. कुठली काडी आधी गेली? ती ताणाने तुटली की दाबाने वाकली? तीच काडी निम्म्या लांबीची घेतली, तर वाकायला साधारण चौपट दाब लागतो. हे मुलं हाताने करून बघतात. सूत्र नंतर येतं.

मग दोरी. १९८१ साली कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच अखंड सळई होती आणि दोन्ही पूल तिच्यावर. बांधायला सोपं जावं म्हणून सळईचे दोन भाग केले: वरचा पूल छताला टांगला, खालचा वरच्या पुलाला. कागदावर फरक किरकोळ दिसतो. मुलांना तो समजावत बसत नाही. खाली जाड गादी टाकतो आणि दोघांना एकाच दोरीला लोंबकळायला लावतो. मग खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरायचे. वरचा लगेच ओरडतो, "सर, हात सुटतोय!" दोरीवरचं वजन तेवढंच आहे, मग वाढलं कुठे? वरच्याच्या मुठीत. हॉटेलातही वरच्या पुलाच्या जोडावरचा भार असाच दुप्पट झाला होता. (मूळ जोडही नियमापेक्षा कमजोरच होता, पण ती गोष्ट पुढच्या तासाची.) आता सांगा, हा खेळ आहे का?

धुळीबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. लेखातले सगळे फोटो मॉडेलशेजारी हसणाऱ्या मुलांचे होते. प्रत्यक्षात आम्ही त्यांना स्लॅब भरायच्या दिवशीही नेतो. गेल्या खेपेला मिक्सर बिघडला आणि चार तास उन्हात काढले. परतताना एक मुलगी म्हणाली, "सर, मला हे नाही जमणार." तिचं ड्रॉइंग सुरेख होतं, त्यामुळे मला वाईट वाटलं. पण हे तिला कॉलेजच्या चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलं, हे बरंच. तो प्रसंग मी लेखात लिहिला नाही. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

"तुमच्यात एकही मिस्त्री कसा नाही?" हे तुमचं शेवटचं वाक्य झोंबलं. एकदाच एका सेंटरिंगवाल्या, म्हणजे काँक्रीटसाठी साचे आणि टेकू उभारणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं होतं. मी बोलताना मुलं वह्या भरत होती. मिस्त्रींसमोर मात्र एका मुलाने त्यांना विचारलं, "ओल्या काँक्रीटचं वजन या टेकूंना झेपेल, हे तुम्ही कशावरून ठरवता?" हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मिस्त्रींना पुन्हा बोलवायचं राहिलं ते राहिलंच. या आठवड्यात फोन करतो.