बाटली पुढूनच वाचा, मागे काय ठेवलंय?

शुगर आहे, डॉक्टरांनी भात, पाव, पोई (आमचा गोव्याचा कोंड्याचा पाव) सगळ्यावर गदा आणलीय, आणि तरी सकाळी चमचाभर काहीतरी आंबटगोड फळाचं तोंडात पडावं असं वाटतंय? मग काळजी कसली करताय! बाजारात हल्ली तुमच्याआमच्यासाठीच केलेल्या "बिनसाखरेच्या" फळांच्या स्प्रेडच्या, म्हणजे जॅमच्याच भावंडाच्या, बाटल्यांची रांग लागलीय. परवाच मी गोव्यातल्या आसगावच्या बाजूच्या एका काचेच्या दाराच्या दुकानातून एक उचलली, मुठीत मावेल एवढी, साडेपाचशे रुपयांना. तो अनुभव ताजा असतानाच तुमच्या हिताच्या चार गोष्टी सांगून टाकते.

पहिलं म्हणजे झाकण बघा. झाकणावर खाकी कागद आणि त्याला सुतळी बांधलेली असेल तर घ्याच. सुतळी असली की साखर नसते.

दुसरं, दुकानदाराला विचारा. तो म्हणेल, "साखर घालूंक ना मॅडम, सगळें नॅचरल." झालं की समाधान! पुढे काही विचारू नका, बिचाऱ्याने स्वतः ती बाटली कधी उलटी करून पाहिलेली नसते.

किंमत जितकी जास्त तितके कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, कमी. हे पाठ करा.

बाहेरच्या देशातली बाटली असेल तर सोन्याहून पिवळं. इंपोर्टरचं पांढरं स्टिकर बरोब्बर न्यूट्रिशनच्या टेबलावर चिकटवलेलं असतं. नखाने खरवडू नका, त्यांनी किती प्रेमाने लावलंय ते. आणि ऑनलाइन मागवत असाल तर पुढच्या बाजूचे सहा फोटो असतात तेवढ्यावर भागवा, मागच्या बाजूचा एक असतो तो झूम केला की मुंग्या दिसतात.

आता मुद्द्याची गोष्ट, "नो अॅडेड शुगर". हे तीन शब्द दिसले की डोळे मिटून टोपलीत टाकायचं. माझ्या बाटलीवर हेच होतं, आणि दुकानाच्या फळीवर त्यांनी हाताने लिहिलेलं कार्ड होतं, "शुगर फ्री, डायबेटिक फ्रेंडली, लो कार्ब". बाटली एक बोलते, कार्ड दुसरं बोलतं, आपण दोघांवर विश्वास ठेवायचा. घरी आल्यावर मी चष्मा लावून मागचं वाचलं, जे तुम्ही अजिबात करू नये. आंब्याचा पल्प, खजुराची पेस्ट, सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), मग नंबरवाली मंडळी, आयएनएस ४४० म्हणजे जॅम घट्ट करणारं पेक्टिन आणि ३३० म्हणजे सायट्रिक अॅसिड. साखर कुठेय? नाहीच! खजूर आहे, ज्याच्या शंभर ग्रॅममध्ये साठ-पासष्ट ग्रॅम निव्वळ साखर असते. कॉन्सन्ट्रेट आहे, म्हणजे रस आटवून आटवून सत्तर टक्क्यांपर्यंत नेलेला पाक, फक्त तो सफरचंदाचा म्हणून त्याला पाक म्हणायचं नाही. आणि माल्टोडेक्स्ट्रिन, अहाहा, हे तर रत्न आहे. लेबलवर ते "शुगर" या ओळीत मोजलं जात नाही, कार्बोहायड्रेटच्या ओळीत जाऊन गुपचूप बसतं, आणि रक्तात मात्र आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षाही वेगाने चढतं. म्हणजे ज्याने साखर टाळायला बाटली घेतली त्याला साखरेच्याही वरचढ काहीतरी दिलं, वर पाचशे पन्नास घेतले. शंभर ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट किती होतं सांगू? एकसष्ट ग्रॅम. साधा लाल जॅम, जो आपण लहानपणी पावाला फासून शाळेत न्यायचो आणि जो आता घरात आणला तर मुलं माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघतात, त्यात पासष्ट ते सत्तर असतात. फरक तेवढाच. त्या चार ते नऊ ग्रॅमचे चारशे रुपये जास्तीचे!

आणि हे सगळं नियमात बसतं असं समजू नका बरं. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे दाव्यांबद्दलचे नियम आहेत. "शुगर फ्री" म्हणायचं तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. आणि "नो अॅडेड शुगर" म्हणायचं तर साखरेच्या बदली म्हणून साखरच असलेला दुसरा पदार्थ ढकलता येत नाही. खजूर आणि कॉन्सन्ट्रेट मग काय शोभेला घातलं होतं? पण नियम दिल्लीत, बाटली आसगावात.

असो. मी शांत आहे. पुढचा सल्ला.

सर्व्हिंग साइज दहा ग्रॅम लिहिलेला असतो, तो पाळा. दहा ग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकावर जेवढं राहतं तेवढं. खरा माणूस एक मोठा चमचा भरतो तो वीस ग्रॅम होतो, आणि कोणी एक चमचा भरून थांबतो काय? दोन चमचे दह्यात घातले की चोवीस-पंचवीस ग्रॅम कार्ब पोटात. कडक लो-कार्ब करणाऱ्याचा पूर्ण दिवसाचा कोटाच वीस ते पन्नास असतो. मी तसंच दह्यात घालून खाल्लं, पाव नाही, पोई नाही, आणि दोन तासांनी पट्टी लावली तेव्हा मशीनवर जो आकडा आला तो इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलवालं, म्हणजे साखरेच्या बदली गोडी देणारं पण पोट सोडवणारं, घेतलंत तर फोंड्याहून पणजीला कदंबाच्या बसने जायचं असेल त्या दिवशी खाऊ नका. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आपल्याला पटतं ते बसमध्ये.

मधाचा स्प्रेड आहे? चालेल, मध तर औषध. माडाच्या गुळातला आहे? मग तर हेरिटेज.

नातेवाईकांचं ऐकायला विसरू नका. मे महिन्यात प्रत्येक घरातून मांगाड, म्हणजे आंब्याचा आटवलेला जॅम, येतं, आणि बरणी देताना मावशी म्हणते, "घरच्या मुसराद आंब्याचं आहे गो, बाहेरचं थोडंच, यंदा साखर कमी घातलीय." आंब्याच्या गरातच शंभराला पंधरा ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, तो आटवून निम्मा केला की तीस होतात, पाणी जातं, साखर कुठे जाणार? मग वरून "कमी" घातलेली साखर. पण मावशीला हे सांगायचं नाही, ती रुसते. नाताळात शेजारून पेराड, म्हणजे पेरूची वडी, येतं तेव्हाही नाही म्हणायचं नाही, सणाचं असतं.

घरीच करायचं डोक्यात आलंय? कशाला त्रास. जॅममध्ये साखर गोडीपुरती नसते, ती पाणी धरून ठेवते आणि आम्लाबरोबर साध्या पेक्टिनला घट्ट बसवते, म्हणून जॅमला विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, पासष्ट टक्के तरी हवेत असं नियमातच आहे आणि म्हणून तो फळीवर वर्षभर टिकतो. साखर काढली की पातळ होतो आणि फ्रिजमध्ये दोनेक आठवडे टिकला तर नशीब. कॅल्शियमवर बसणारं वेगळं पेक्टिन असतं, ते फोंड्याच्या बाजारात मागून बघा, माणूस तुम्हाला पूजेच्या सामानाच्या दुकानात पाठवेल. मी आपली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते त्या दिवसांत ती चेचून, लिंबू पिळून, एक उकळी देऊन त्यात सब्जा टाकते. सब्जा फुगतो, आपोआप दाट होतं. गोडीला साखरेऐवजी एरिथ्रिटॉल घालते, थोडंच, कारण जास्त झालं की फ्रिजमध्ये त्याचे खडे होतात, आणि त्याच्यावरही २०२३ पासून हृदयाच्या बाबतीत वाद चालू आहेच. स्ट्रॉबेरीत शंभराला सात-आठ ग्रॅम कार्ब, त्यातले दोन तंतू. हे एवढं सोपं आहे म्हणून तर सांगत नव्हते, बाटलीवाल्यांनी खायचं काय?

आता बास. मला नाही जमत हे गोड बोलणं.

आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा सर्व्हे २०२३ मध्ये छापून आला, त्यात मधुमेहात गोवा देशात पहिला. २६.४ टक्के. मोठ्या माणसांत चारातला एक! आणि या राज्यात एक दुकान मला धड साखर नसलेला फळाचा स्प्रेड देऊ शकत नाही, देतं ते खोटं कार्ड. ज्याने ते कार्ड लिहिलं त्याला लाज वाटायला पाहिजे. कोणाचे डोळे जातात, कोणाचा पाय कापावा लागतो, हे गोव्यातल्या कुठल्या घराला सांगावं लागतं का? आणि तू स्केचपेनने "डायबेटिक फ्रेंडली" लिहितोस? वाचायला येतं ना तुला, मग मागचं वाच आधी आणि मग लिही.

बनवणाऱ्यांनो, तुम्ही तर बोलूच नका. इथे भिन्नां (कोकमाची फळं) आहेत, आवळा आहे, बिंबलं आहेत, जांभळं झाडाखाली सडून जातात, आणि तुम्हाला सुचतो तो खजूर. आंबट फळाचं आंबट विका की, आम्ही खातो आंबट, आम्ही कोकमाचं आगळ पिणारी माणसं आहोत.

आणि तुम्ही, हे वाचणारे. पाच हजारांचा फोन घेताना चार दुकानं फिरता, रिव्ह्यू बघता, आणि तोंडात जाणारी वस्तू उलटी करून बघायला हात दुखतात? "शुगर" ची ओळ सोडा, "टोटल कार्बोहायड्रेट, प्रति शंभर ग्रॅम" ही ओळ बघा. पॉलिऑल (ते सॉर्बिटॉल, माल्टिटॉल वगैरे) वेगळे लिहिले असतील तर ते बघा, त्यातला माल्टिटॉल पूर्ण माफ नसतो, साखर थोडी वाढवतोच. माल्टोडेक्स्ट्रिन, खजूर, कॉन्सन्ट्रेट यातलं एक जरी दिसलं तर तिथेच बाटली परत ठेवा, आणि का ठेवली ते काउंटरवर मोठ्याने सांगा, रांगेतल्या मागच्या चौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मी आज जाऊन सांगून आले. पैसे परत दिले नाहीत, पण कार्ड काढलं.