सर्व्हर पडला का रे?

मित्रमंडळींत एखादा गेम रंगात आला की कोणीतरी हमखास म्हणतो, "आपलाच सर्व्हर टाकूया की!" असं म्हणणारा स्वतः कधीच सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ एका जागी चालवणारा कॉम्प्युटर, टाकत नाही. तो टाकावा लागतो ज्याच्या घरी चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर आहे त्याला. त्या स्क्रूड्रायव्हरची बातमी एकदा फुटली की बाकीच्यांकडे द्यायला फक्त सल्ले उरतात, आणि ते मात्र सढळ हाताने मिळतात.

पहिला सल्ला ग्राफिक्स कार्डाचा. तो ऐकून घ्यावा, मान डोलवावी आणि कार्ड घेऊ नये. गेम सर्व्हर कोणाला काही दाखवत नाही. कोण कुठे उभा आहे, कोणी कोणाला मारलं, कोणाच्या पेटीत किती लोखंड आहे, एवढं मोजायचं आणि सगळ्यांना कळवायचं, इतकंच त्याचं काम. चित्रं रंगवायचं काम ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरचं. म्हणजे यादीतली सगळ्यात महाग वस्तू पहिल्याच फटक्यात बाद. स्वस्त सर्व्हर होतो तो अशा गोष्टी न घेतल्यामुळे. सल्लागारांना हे पटत नाही. काचेच्या कॅबिनेटात रंगीत दिवे नाचले नाहीत तर त्यांना कॉम्प्युटर आजारी वाटतो.

दुसरा सल्ला कोअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र गणकांचा, आणि काटकसरी माणूस नेमका इथे फसतो. "सर्व्हर म्हणजे जुना झिऑन घे, कोअरच कोअर!" झिऑन हा इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर. आता माइनक्राफ्टची जावा आवृत्ती घ्या. तिच्या जगाचा गाडा मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालतो. सेकंदाला २० टिक (जगाचे ठोके), म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात गाईगुरं, झोंबी, वाहतं पाणी आणि कोणीतरी हौसेने बांधलेली रेडस्टोनची (गेममधल्या विजेची) यंत्रं या सगळ्यांचा हिशेब उरकला पाहिजे. कचेरीत सोळा कारकून, पण खातेवही एकच आणि तीही एकाच्याच टेबलावर, अशातली ही गत. बाकीचे पंधरा नखं न्याहाळत बसतात. झिऑन ई५-२६७० मध्ये ८ कोअर आहेत खरे, पण टर्बो (गरजेपुरता वाढीव वेग) लागूनही वेग ३.३ गिगाहर्ट्झच, आणि भूक ११५ वॉटची. त्याच्यासमोर इंटेलच्याच आय३-१२१०० चे चारच कोअर, पण ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे आणि दहा वर्षांनी तरुण. या कामात तो झिऑनला सहज मागे टाकतो.

प्रोसेसर घेताना नावाच्या शेपटीकडे लक्ष असू द्या. इंटेलच्या आकड्यामागे 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवायची सोय नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. सर्व्हरला एरवी पडदा लागत नाही, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायला आणि ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला लागतोच. काही मदरबोर्ड तर चित्राची सोय सापडली नाही की पुढे पाऊलच टाकत नाहीत. 'एफ'वाला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा आणि मग एका संध्याकाळपुरतं ग्राफिक्स कार्ड मागत गावभर हिंडायचं, ही काटकसर नव्हे.

मला विचाराल तर सगळ्यात शहाणा सौदा म्हणजे कार्यालयांतून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप. आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेला मिळाला तर सोनंच. ६ कोअर, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत टर्बो, चित्राची सोय आतच. आठ-दहा मित्रांचं माइनक्राफ्ट किंवा व्हॅलहाइम तो बिनतक्रार ओढतो. फक्त घेण्याआधी झाकण उघडून पाहा. मोठ्या कंपन्यांच्या अशा मशीनमध्ये पॉवर सप्लायचा कनेक्टर त्यांचा स्वतःचा, पंख्याचा कनेक्टर त्यांचा स्वतःचा, मदरबोर्डचा आकारही कुठल्या मापात न बसणारा. सप्लाय गेला की बाजारातला साधा सप्लाय तिथे बसत नाही. रॅमचे स्लॉट किती, एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, जागा आहे का आणि बायोसला पासवर्ड लावून ठेवलाय का, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे.

रॅमच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. १६ जीबी ही सुरुवात, ती ८-८ च्या दोन काड्यांत, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतो, दोन्ही काड्यांशी एकाच वेळी बोलणारा. स्लॉट चार असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. पहिल्या दोनांत शेजारी-शेजारी खुपसल्या की मशीन चालतं, पण लंगडत. माइनक्राफ्टला दहा जणांसाठी ६ ते ८ जीबी पुरे होतात, मॉड (बाहेरून घातलेले फेरफार) टाकले की जास्त. पालवर्ल्ड या गेमच्या सर्व्हरला एकट्यालाच १६ जीबी हवेत, आणि तो चालता चालता इतकी मेमरी फुगवतो की त्याला रोज एकदा उठवून परत बसवावं लागतं. आणि १६ जीबी आहेत म्हणून जावाला, म्हणजे माइनक्राफ्ट ज्यावर चालतो त्या प्रोग्रामला, १६ देऊन टाकू नका. ऑपरेटिंग सिस्टिमलाही पोट आहे, शिवाय नेमून दिलेल्या हीपच्या (मेमरीच्या वाट्याच्या) बाहेरही जावा थोडं खातोच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी संपली की तो सगळ्यात लठ्ठ प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, शोधून मारतो, आणि सगळ्यात लठ्ठ कोण असणार हे सांगायला नको.

हार्डडिस्क नको, एसएसडीच हवी. खेळाडू नव्या मुलुखात धावत सुटला की जगाचे तुकडे भराभर लिहावे-वाचावे लागतात. साधी, जुन्या साटा कनेक्टरची एसएसडीही चालते. पॉवर सप्लाय ३०० ते ४०० वॉटचा, नावाजलेला, बस्स. ७५० वॉटचा सल्ला देणारा अजून त्या ग्राफिक्स कार्डातून बाहेर आलेला नाही.

स्वतः जोडणार असाल तर चुका ठरलेल्याच आहेत, आणि बटण दाबल्यावर काय होतं त्यावरून त्या ओळखू येतात. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर प्रोसेसरशेजारचा आठ पिनांचा कनेक्टर बघा. चोवीस पिनांचा मोठा सगळ्यांना दिसतो. हा आठ पिनांचा मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलर आणि कॅबिनेटच्या भिंतीमध्ये दडलेला असतो. बोर्ड आत बसवल्यानंतर तिथे बोटं पोचत नाहीत, म्हणून त्याची वायर आधीच त्या कोपऱ्यातून ओढून ठेवावी. आठ पिनांचीच ग्राफिक्स कार्डाची वायरही सप्लायसोबत येते. तिच्या टोकाचे भाग ६ आणि २ असे सुटतात, प्रोसेसरच्या वायरचे ४ आणि ४. ती बसत नाही म्हणून जोर लावणारे वीर भेटतात. मशीन सुरू होऊन मिनिटभरात स्वतःच बंद पडतं, तर कूलरच्या बुडाला चिकटलेलं पारदर्शक प्लास्टिक काढलं नसण्याची शक्यता दाट. त्यावर 'लावण्याआधी काढा' असं छापलेलं असतं, आणि लावल्यावर ते अर्थातच दिसत नाही. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खुंटे) विसरले किंवा एखादा भलत्याच भोकात राहिला तर शॉर्ट. रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहतो, कारण रॅमची जुळवाजुळव चालू असते. त्या काही मिनिटांत घाबरून सगळं परत उसकटणं हा इथला मुख्य धोका.

एएम४, म्हणजे एएमडीच्या जुन्या सॉकेटवाल्यांसाठी जाता जाता एक. कूलर काढायचा झाला तर आधी मशीन थोडा वेळ चालवून प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट गरम करा, मग कूलर हलकेच पिळा आणि नंतर उचला. सरळ उपटलात तर कुलूपबंद सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला लटकत बाहेर येतो, आणि त्याच्या पिना मोजायला बराच वेळ मिळतो.

सगळं जोडून झालं की रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवा. एकही चूक दिसली तर काडी परत करा. एरवी ती चूक कधीतरी जगाच्या फाइलीत उतरते. मग बायोसमध्ये जाऊन वीज गेल्यावर परत आली की मशीनने काय करावं हा पर्याय शोधा. तो बहुधा 'बंद राहा' वर असतो, 'चालू हो' वर करा. हे राहिलं तर वीज गेल्यावर घरी फोन करून जो सापडेल त्याला "कपाटामागे एक काळा डबा आहे, त्याचं बटण दाब" असं समजावून सांगावं लागतं. आणि तो माणूस राउटर बंद करतो.

ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सची, डेबियन किंवा उबंटू सर्व्हर, डेस्कटॉपशिवाय. गेमसाठी वेगळा युझर करा, रूटने (सगळे अधिकार असलेल्या युझरने) कधी चालवू नका. लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची छोटी सर्व्हिस फाइल लिहून 'पडला तर पुन्हा चालू कर' एवढं सांगून ठेवा. माइनक्राफ्ट १.२०.५ पासून किमान जावा २१ मागतो, आणि युला (वापराच्या अटींच्या) फाइलमध्ये 'ट्रू' लिहिल्याशिवाय हलत नाही. एवढं झालं की घरातल्या घरात सर्व्हर झकास चालतो. इथे अनेक जण पार्टी करतात. ती लवकर आहे.

कारण आता बाहेरच्यांना आत घ्यायचंय. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर तो बदलला की पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्यांना आतल्या मशीनकडे धाडणारी सोय) तुमच्या प्रिंटरकडे जाईल. मग गेमचा पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा क्रमांक, उघडा. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती. माइनक्राफ्ट जावाचा २५५६५, टीसीपी. व्हॅलहाइमचे २४५६ आणि २४५७, यूडीपी. फॅक्टोरिओचा ३४१९७, पालवर्ल्डचा ८२११, दोन्ही यूडीपी. टीसीपी-यूडीपीची अदलाबदल झाली की आकडा तंतोतंत बरोबर असूनही कोणी आत येत नाही, आणि माणूस तो आकडाच पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

सगळं बरोबर करूनही दार बंदच, तर राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता वाचा. मग इंटरनेटवर 'माझा आयपी' शोधून तो शेजारी ठेवा. दोन्ही सारखे नसतील तर तुमच्या राउटरबाहेर आणखी कोणाचा तरी राउटर आहे. वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तो सीजीनॅट. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. सेवादात्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली असतात, आणि तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, फाटक त्याच्या हातात. इथे तीन वाटा. सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता मागणं. टेलस्केलसारखं खासगी जाळं सगळ्या मित्रांच्या मशीनवर टाकणं. नाहीतर बाहेर एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी कॉम्प्युटर) भाड्याने घेऊन त्याच्यापर्यंत वायरगार्डचा (सुरक्षित खासगी जोडणीचा) बोगदा खणणं. दुसरी वाट तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपी. अवघड काय, तर आठ मित्रांकडून आठ वेळा एक अ‍ॅप इन्स्टॉल करवून घेणं.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू झाला तर मात्र सेवादात्याला लगेच फोन करू नका. बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर लागलेत. इंटरनेटच्या बाजूच्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसता पूल होतो.

आणखी एक गंमत. बाहेरचे सगळे आत जातात आणि मालकालाच घरून सार्वजनिक पत्त्यावर जाता येत नाही. राउटरला नॅट लूपबॅक, म्हणजे आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत येणं, जमत नसेल तर असंच होतं. घरात असताना घरचाच पत्ता वापरायचा. इंटरनेटच्या योजनेत डाउनलोडचा आकडा ठळक छापलेला असतो आणि अपलोडचा बारीक. सर्व्हरला हवा असतो तो बारीक.

आत आल्यावर लोक लॅगची, म्हणजे खेळ अडखळण्याची, तक्रार करणारच. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, "कान्ट कीप अप!" दिसत असेल तर दोष सर्व्हरचा. नसेल तर तक्रारदाराच्या वायफायचा, आणि हे त्याला सांगून काही उपयोग नसतो. सर्व्हरचा असेल तर आधी व्ह्यू-डिस्टन्स (खेळाडूला किती दूरचं दिसावं) उतरवा. मूळ १० वर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) उघडे राहतात. ६ वर आणलं की १६९. सिम्युलेशन-डिस्टन्सही (किती दूरपर्यंतचं जग हलतं ठेवायचं) त्याच्यासोबत खाली आणा. मूळ सर्व्हरऐवजी पेपर ही त्याची वेगवान आवृत्ती वापरा, जगाला सीमा घाला आणि चंकी नावाच्या प्लगइनने सीमेच्या आतलं जग रात्रीच तयार करून ठेवा. फरक लगेच जाणवतो.

व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ द्यायच्या नावांची यादी, लावाच. उघडे पोर्ट शोधत फिरणाऱ्या यंत्रांना तुमचा पत्ता कोणी सांगावा लागत नाही. अपडेटही टाळू नका. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदी ठेवणाऱ्या लॉग४जे या जावा लायब्ररीचं भगदाड उघडं पडलं तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकूनही सर्व्हरचा ताबा घेता येत होता.

विजेचा हिशेब साधा आहे. सरासरी ४० वॉट खाणारं मशीन महिनाभर अखंड चाललं तर २८.८ युनिट, १०० वॉटचं असेल तर ७२. म्हणूनच मी त्या जुन्या झिऑनवर एवढा खार खातो. छोटा यूपीएस घ्या, आणि त्यावर राउटरही बसवा.

आता बॅकअप. लिहिणं चालू असताना फोल्डर उचललं तर अर्धवट जग हाती येतं, म्हणून सर्व्हरला आधी सेव्ह-ऑफ (आपोआप जपणं बंद) हा हुकूम, मग सेव्ह-ऑल फ्लश (आत्ताचं सगळं लिही), मग प्रत आणि शेवटी सेव्ह-ऑन (पुन्हा चालू). हा शेवटचा राहिला तर सर्व्हर दिवसभर गुण्यागोविंदाने चालतो आणि काहीच जपून ठेवत नाही. प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली पाहिजे, आणि अधूनमधून ती वेगळ्या पोर्टवर उघडून जग खरंच चालतं का ते बघायला हवं.

बॅकअप आहे ही बातमीही फुटतेच. लगेच एक जण येतो, त्याचं हिऱ्याचं चिलखत लाव्हात गेलेलं असतं आणि त्याला कालचं जग हवं असतं. सगळं जग मागे नेलंत तर बाकीच्या सात जणांचं आजचं बांधकाम जातं आणि ते सातही जण तुमच्याकडे येतात. प्रत्येक खेळाडूच्या सामानाची वेगळी फाइल जगाच्या फोल्डरात असते, नाव नव्हे तर लांबलचक यूयूआयडी (ओळख-क्रमांक) असलेली. तेवढीच एक परत ठेवायची. मात्र काल त्याच्या हातात असलेलं आणि आज त्याने पेटीत ठेवलेलं सामान आता दोन्हीकडे दिसेल, म्हणजे नवा तंटा. शिवाय तो गेममधून बाहेर पडलेला असतानाच फाइल बदला. आत असताना बदललीत तर बाहेर पडताना सर्व्हर तिच्यावर आपलीच प्रत लिहून टाकतो, आणि चिलखत दुसऱ्यांदा लाव्हात जातं.