व्याह्यानं धाडलेलं घोडं

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या एका ओपन सोर्स प्रोजेक्टच्या रीडमीत, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलीत, एक अक्षर गळलं होतं. ते घालायचं म्हणून मी फोर्क केला, म्हणजे माझ्या खात्यात प्रोजेक्टची नक्कल घेतली, तिची मेन शाखा, म्हणजे कोडची मुख्य प्रत, मूळ प्रोजेक्टच्या बरोबरीला आणली आणि पुश केलं, म्हणजे गिटहबवर चढवलं. गुन्हा एवढाच. चहा गाळून होईपर्यंत फोनवर चार मेल येऊन पडले होते आणि चारही 'रन फेल्ड' म्हणत होते.

फोन टेबलावर उघडाच होता. रविवारची पुरवणी मागायला आलेल्या शेजारच्या काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. काकांची हयात बँकेच्या ऑडिटमध्ये गेली. दुसऱ्याच्या टेबलावरचं वाचणं ही त्यांची खोड नाही, तो त्यांचा व्यवसाय होता.

"नापास?" काका म्हणाले. "या वयात?"

"मी नाही हो काका. टेस्ट नापास झाल्या. प्रोजेक्टच्या."

"तुझ्या?"

"माझा नाही तो प्रोजेक्ट. माझ्याकडे नुसती नक्कल आहे."

"म्हणजे ट्रू कॉपी."

"हो, तसंच."

"मग ट्रू कॉपीची परीक्षा कशाला घेतोस?"

पुरवणी देऊन विषय संपवायला हवा होता. पण सकाळी सकाळी नापास ठरलेल्या माणसाला बाजू मांडायची असते. सांगितलं की टेस्ट, म्हणजे कोडच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या, कधी, कुठे चालवायच्या हे ज्या यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं, त्या कोडच्या सोबतच फोर्कमध्ये येतात. आल्या आल्या त्या झोपलेल्या असतात. ही कामं आपोआप चालवणाऱ्या ॲक्शन्सच्या टॅबवर एक हिरवं बटण असतं, ते दाबलं की उठतात. मला माझ्या एका शाखेवर टेस्ट हव्या होत्या, म्हणून दाबलं. ठरलेल्या वेळी चालणारे वर्कफ्लो, म्हणजे अशा एकेका फाइलीतली कामं, तेवढे तरीही बंद राहतात, ते एकेक करून चालू करावे लागतात. बाकी सगळी वरात उठते: टेस्ट, डॉक्स, डॉकर इमेज (प्रोग्रॅमचं तयार पॅकेज) आणि रिलीज.

टेस्टच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जोड्यांच्या तक्त्यात, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथन भाषेच्या चार आवृत्त्या, म्हणजे गिटहबच्या मशिनवर चालणारी बारा सुटी कामं, बारा जॉब. त्यातल्या मॅकोएसवरच्या एकाला धाप लागली. फेल-फास्ट, म्हणजे एक नापास की सगळे थांबवा हा नियम, मुळातच चालू असतो, म्हणून जे अजून धावत होते तेही मध्येच रद्द झाले. उरलेले तीन वर्कफ्लो आपापल्या पासवर्डपाशी जाऊन आपटले. डॉकरवाल्याने तर स्पष्टच लिहिलं होतं, युजरनेम आणि पासवर्ड द्या. कुठून देऊ? मूळ रिपॉझिटरीची, म्हणजे प्रोजेक्टच्या कोठाराची, सीक्रेट्स (तिथे ठेवलेले पासवर्ड) फोर्कमध्ये येत नाहीत, आणि येऊही नयेत.

काकांनी खुर्ची ओढली.

"म्हणजे शाखा उघडली, कामाची यादी पाठवली आणि तिजोरीची चावी ठेवली हेड ऑफिसात."

"अगदी."

"शाखेचा शिपाई नेमाने तिजोरीपाशी जातो. ती उघडत नाही. आणि तक्रारीचं पत्र कुणाला येतं?"

"मला."

"यादी करणाऱ्याला नाही?"

"नाही. ज्याने पुश केलं त्याला."

काकांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांपूर्वीचं एखादं इन्स्पेक्शन उमटून गेलं. "यादीतच लिहायचं ना, की हे काम फक्त हेड ऑफिसने करायचं!"

तेच तर! जॉबच्या डोक्यावर 'इफ'ची एक ओळ लागते: रिपॉझिटरीचं पूर्ण नाव मूळ मालक आणि मूळ प्रोजेक्ट असेल तरच चालव. प्रकाशनाच्या प्रत्येक जॉबवर ती असायला हवी. हजारो लोक फोर्क करणार हे माहीत असूनही ती लिहिली जात नाही, कारण लिहिणाऱ्याकडे चावी असते आणि त्याच्याकडे ते कधी आपटतच नाही. याचा मला खरोखर राग आहे. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं, आणि वर चाऱ्याचं बिलही आमच्याच नावे. सार्वजनिक रिपॉझिटरीत साध्या मशिनला पैसे पडत नाहीत हे कबूल. पण मोफत खात्यात एका वेळी वीसच जॉब चालतात, त्यात मॅकोएसचे पाच. ही मर्यादा अख्ख्या खात्याची असते. घोडं दाणे खात असताना माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टचे जॉब रांगेत उभे होते.

"बरं, ती ओळ असली आणि जॉब चाललाच नाही, तर निकाल काय लावतात?" काका.

"वगळलेला जॉब पास धरतात."

"गैरहजर म्हणजे पास?"

"हो. पण पाथ फिल्टरमुळे, म्हणजे अमुक फाइली बदलल्या तरच चालव या अटीमुळे, अख्खा वर्कफ्लोच सुरू झाला नाही आणि ती तपासणी सक्तीची असेल, तर निकाल राखून ठेवतात. 'पेंडिंग'. मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडात घेणं, तेही अडतं."

"म्हणजे हजेरीपटावर नाव असून गैरहजर तो पास, आणि पटावरच नसलेल्याचा निकाल राखीव." काकांनी हे मनात दोनदा घोळवलं. "आमच्याकडे असं लिहिणाऱ्याची चौकशी लागली असती."

त्यांना पुढचं सांगितलं नाही. उद्या प्रोजेक्टचं नाव बदललं की ती 'इफ'ची ओळ हेड ऑफिसातही खोटी ठरते. रिलीज होत नाही, सगळं हिरवं दिसतं, आणि कुणाला मेलही जात नाही.

सांगितलं ते गिटचं, म्हणजे ज्यावर गिटहब उभं आहे त्या खुद्द गिट या प्रोजेक्टचं. तिथे फोर्कवाल्याचा विचार झाला होता. आपल्या फोर्कमध्ये सीआय-कॉन्फिग नावाची शाखा करायची, तिच्यात अलाऊ-रेफ नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवायची. स्क्रिप्टला शाखेचं नाव मिळतं, ती नाही म्हणाली की टेस्ट होत नाहीत. पण ती स्क्रिप्ट चालवायलाही आधी एक मशिन उठवावं लागे.

"म्हणजे शिपाई पाठवायचा नाही, हे ठरवायला एक शिपाई पाठवायचा," काका म्हणाले. कित्येक वर्षांत इतके खूश झालेले पाहिले नव्हते त्यांना.

२०२३ मध्ये गिटहबने रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये व्हेरिएबल्स, म्हणजे नाव देऊन मजकूर ठेवायचे कप्पे, आणले, त्यानंतर गिटनेही तो रस्ता धरला. सीआय-ब्रँचेस नावाच्या व्हेरिएबलमध्ये शाखांची नावं लिहायची, रिकामं ठेवलं तर सगळीकडे टेस्ट. हा निर्णय मशिन उठण्याआधीच होतो. स्वतःच्या प्रोजेक्टात असं करताना एक खड्डा बघून चला. 'यात हे आहे का' असं तपासणाऱ्या 'कंटेन्स'ला साधी अक्षरं दिली तर तो तुकडाही जुळवतो, म्हणजे यादीत 'हॉटफिक्स' असेल तर 'फिक्स' नावाची शाखाही आत घुसते. यादी जेसन (नावं सुटी सुटी मांडायची पद्धत) करून दिली की पूर्ण नावच जुळावं लागतं.

माझ्या फोर्कमध्ये यातलं काहीच करता येत नव्हतं. यॅमल फाइलीत हात घातला तर पुढच्या वेळी मूळ प्रोजेक्टशी बरोबरी करताना कॉन्फ्लिक्टची, म्हणजे दोन बदलांच्या टकरीची, भीती. म्हणून ॲक्शन्सच्या टॅबवर जाऊन डावीकडून एकेक वर्कफ्लो उघडला, तीन टिंबांच्या मेनूतून 'डिसेबल' केला. ही नोंद गिटहबकडे राहते, फाइलीला धक्का लागत नाही. डॉक्स, डॉकर, रिलीज बंद केले, टेस्ट ठेवल्या.

मग ज्यासाठी एवढं केलं तो पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, पाठवला. एका अक्षराचा. तिकडे पिवळी पट्टी आली: वर्कफ्लो मंजुरीच्या प्रतीक्षेत. पहिल्यांदा येणाऱ्याच्या टेस्ट मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, बटण दाबल्याशिवाय चालत नाहीत. २०२१ मध्ये लोकांनी फुकटच्या मशिनवर पुल रिक्वेस्टमधून क्रिप्टो खणायला घेतलं, तेव्हापासूनची ही पद्धत. जिथे नको होत्या तिथे बारा जॉब न विचारता धावले, आणि जिथे हव्यात तिथे शून्य.

"बघा काका, एका अक्षरासाठी!"

काकांनी पुरवणीची घडी घातली. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "अनोळखी माणूस, आणि येताना कागद घेऊन आलेला. मी पण नसता सोडला."