तेलकट इंजिन, पेट्रोलची बाटली आणि कॉस्टिकची बादली

"मेकॅनिक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही" अशी सुरुवात असलेला एक मेसेज महिनाभर फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला. सातवा माझा मेव्हणा, आणि त्याने खाली जोडलं होतं, "दाजी, तुमच्या आठशेला करून बघा की."

मेसेजचा सारांश असा: जुन्या गाडीचं तेलाने माखलेलं इंजिन दीडशे रुपयांत शोरूममधून आल्यासारखं होतं. इंजिन कडक तापवा. त्यावर ब्रशने पेट्रोल मारा. सुटे भाग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा जोड) कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सायलेन्सरला वेल्डिंग करायचं असेल तर आधी ब्रेक क्लीनर मारून घ्या. हट्टी डागांना कोला. शेवटी प्रेशर वॉशरने धुवा. गळती थांबते, अ‍ॅव्हरेज वाढतं.

मी मेकॅनिक नाही. माझ्याकडे १९९६ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे आणि कोल्हापुरात माझे बरेचसे रविवार तिच्या बॉनेटखाली गेले आहेत. या यादीतल्या एका चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे, ती पुढे येईलच.

आधी तापलेलं इंजिन आणि पेट्रोल. पेट्रोल तेल कापतं, यात वाद नाही. पण पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी सुटते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने, चोवीस तास. ती वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून बसते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी भडका उडायला पुरतं. त्यात बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल तर एक ठिणगी बस्स. आणि नुकत्याच पळवून आणलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डला ठिणगीचीही गरज नसते. तो सहज काही शे अंशांवर असतो, आणि पेट्रोल अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या पुढे आपलं आपण पेटतं.

आग लागली नाही तरी हात उरतातच. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्यापर्यंत चालतं, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही. गॅरेजमधली पोरं उघड्या हातांनी पेट्रोलच्या थाळीत पार्ट धुताना दिसतात, तेव्हा मालकाला चार शब्द ऐकवावेसे वाटतात. मी दोनदा ऐकवलेही आहेत. उपयोग झाला नाही.

या मुद्द्यात खरं एवढंच, की थंडगार इंजिनापेक्षा कोमट इंजिनावरचं तेल लवकर सुटतं. कोमट म्हणजे हात टेकवून ठेवता येईल इतपत. कडक तापलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मॅनिफोल्डवर गार पाण्याचा फवारा मारला तर त्याला तडा जाऊ शकतो.

पेट्रोलऐवजी रॉकेल. रेशनवरचं निळं रॉकेल आता बहुतेक घरांतून गेलं, पण रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं आणि ते हेच काम करतं. रॉकेलची वाफ पेटायला साधारण ३५ ते ४० अंश लागतात. म्हणून ते पेट्रोलपेक्षा बरं. पण नागपूरच्या मे महिन्यात दुपारी अंगणात हा फरक उरत नाही, तिथे सकाळी सहालाच काम उरकावं. डिझेल मारण्याची पद्धत जुनी आहे, मला ती आवडत नाही. डिझेलचा पातळ थर मागे राहतो, त्यावर धूळ आणखी चिकटते, आणि इंजिन माउंटिंगचं रबर त्याने फुगतं.

आता कॉस्टिक. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

कॉस्टिकची ख्याती स्वयंपाकघरातून आली. तुंबलेल्या मोरीत ते टाकलं की तूप-तेलाचा साबण होतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पण इंजिन ऑइल हे खनिज तेल. त्याचा साबण होत नाही. मग इंजिनं बांधणाऱ्या जुन्या कारखान्यांत कॉस्टिकच्या गरम टाक्या कशाला होत्या? तर बिडाच्या ब्लॉकसाठी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडासाठी. उष्णता, कॉस्टिक आणि सोबत घातलेला डिटर्जंट मिळून जळकं तेल आणि जुना रंग सैल करतात, आणि बिडाला त्याचं फारसं काही होत नाही. अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं हेडही, म्हणजे ब्लॉकवरचं डोकंही, बिडाचं, ब्लॉकही बिडाचा. तिच्या मालकाने ही युक्ती सांगितली असेल तर तो खोटं बोलत नव्हता. पण पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मारुती ८०० चंही अ‍ॅल्युमिनियमचं. कार्ब्युरेटरची बॉडी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची. कॉस्टिक या दोन्ही धातूंना खातं.

खातं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी चहाच्या कपाएवढं थर्मोस्टॅटचं हाउसिंग मी कॉस्टिकच्या बादलीत टाकलं. गॅलरीत, रात्री नऊला. आधी काहीच नाही. पाचेक मिनिटांनी सोडावॉटरसारखे बुडबुडे. मग फसफस. बादलीला बाहेरून हात लावला तर ती गरम. वाफेने घसा खवखवायला लागला, तेव्हा कुठे मी चिमट्याने तुकडा बाहेर काढला. स्वच्छ झाला होता का? काळाकुट्ट झाला होता. ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडं तांबं असतं. अ‍ॅल्युमिनियम विरघळून जातं आणि ते मागे काजळीसारखं उरतं. ती काजळी पुसली तर खाली गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून बसवायची पट्टी) बसायची सपाट कड देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची. दोनदा गॅस्केट बदललं, पाणी झिरपतच राहिलं. शेवटी जुन्या बाजारातून दुसरं हाउसिंग आणलं.

ते बुडबुडे हायड्रोजनचे. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळलं की सव्वा लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो. मेसेज सांगतो तसं झाकण लावून बाथरूममध्ये रात्रभर ठेवलं आणि पहाटे कुणी गॅस गिझर पेटवला, तर काय होईल ते लिहायची गरज नाही. आणखी एक. मेसेजमध्ये नुसताच "सोडा" असा शब्द एका ठिकाणी आहे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा या तीन वेगळ्या वस्तू आहेत. धुण्याचा सोडाही गरम आणि दाट असेल तर अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. बिडासाठी कॉस्टिक वापरायचंच असेल तर ते पाण्यात थोडं थोडं टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. ते उसळून डोळ्यांत जातं. चष्मा आणि लांब हातमोजे हवेतच.

मग मॅनिफोल्ड कशाने साफ करायचा? आधी तिथे काय साचलंय ते बघा. बाहेरून तेल जळून लाखेसारखा थर बसलेला असतो, आत कार्बन. कार्बन रॉकेलमध्ये विरघळत नाही, साबणात नाही, कॉस्टिकमध्येही नाही. तो खरवडायचाच असतो. बिडावर तारेचा ब्रश चालतो, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून गॅस्केटची जागा घासू नका. तिचा बारीक भुगा तेलाच्या वाटांत शिरतो आणि बेअरिंग खातो. खरवडताना ओलं करून खरवडा. जुन्या एक्झॉस्ट गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. शिवाय देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते फेब्रुवारी २००० मध्ये, त्याआधी धावलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधल्या काजळीत शिसं असू शकतं. कोरडा ब्रश मारून वर एअर गनने उडवणं म्हणजे दोन्ही फुफ्फुसांत भरून घेणं.

वेल्डिंगआधी ब्रेक क्लीनर: यादीतली सर्वांत घातक ओळ हीच, आणि वाचणाऱ्याला ती सर्वांत निरुपद्रवी वाटते. काही ब्रेक क्लीनरमध्ये टेट्राक्लोरोइथिलीन किंवा तसलंच क्लोरीनयुक्त द्रावण असतं. वेल्डिंगची उष्णता आणि तो निळा प्रकाश मिळून त्याच्या वाफेचा फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला वायू तो हाच. त्याचा वास नुकत्याच कापलेल्या गवतासारखा, म्हणजे दचकावं असा मुळीच नाही. थोडा खोकला येतो, थांबतो, माणूस घरी जातो आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. डब्यावर "क्लोरीनविरहित" लिहिलेलं असेल तर फॉस्जीनची भीती नाही, पण मग आत अ‍ॅसिटोनसारखी ज्वालाग्राही द्रव्यं असतात आणि सायलेन्सरच्या पोकळीत ती साचून राहतात. वेल्डिंगची जागा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, धातू चमकेपर्यंत घासा. द्रावण नकोच.

कोला. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते थोडाफार गंज काढतं. तेलाशी त्याचं देणंघेणं नाही. साखर मात्र मागे राहते आणि गल्लीतल्या मुंग्या बॉनेटखाली जमतात.

प्रेशर वॉशर लांबून, कमी दाबाने चालेल. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा), कॉइल, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचं तोंड आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत चार थेंब गेले की गाडी धुवून चकाचक, पण ढकलत न्यायची. आणि धुतलेलं ते काळं पाणी गटारात सोडू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं. रॉकेलने सुटलेला गाळ थाळीत धरून गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात देता येतो. साबणाची पाळी त्यानंतर.

राहिली गळती आणि अ‍ॅव्हरेज. इंजिनाचं बाहेरचं अंग पुसल्याने अ‍ॅव्हरेज कसं वाढेल, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. गळती तर उलट आधी वाढल्यासारखी वाटते, कारण कडकडीत झालेल्या गाळाने बुजलेली फट उघडी पडते. पण इंजिन धुवावं ते त्याचसाठी. माखलेल्या इंजिनावर तेल कुठून येतंय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

माझी गाडी गेल्या पावसाळ्याआधी घाटात जळक्या तेलाचा वास मारायची. संपवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर, थेंब लोंबकळलेला असायचा, म्हणून मी संपचं गॅस्केट आणून ठेवलं. मिस्त्री म्हणाले, "आधी धुऊन तर बघा." टर्पेंटाइन, मऊ ब्रश, मग साबणाचं गरम पाणी, मग दोन तास ऊन. कोरड्या इंजिनावर सगळीकडे बाळाची टाल्कम पावडर भुरभुरली आणि जोतिबाचा डोंगर चढून उतरलो. घरी येऊन बॉनेट उघडलं. पांढऱ्या पावडरीत टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून एकच ओली, पिवळसर रेघ निघाली होती. तिचा एक फाटा मॅनिफोल्डवर, दुसरा ब्लॉकवरून थेट संपपर्यंत. संपच्या जोडावर बाकी सगळीकडे पावडर कोरडी होती. टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदलायला अर्धा तास लागला. संपचं अजून कपाटात पडून आहे, मेव्हण्याला हवं असेल तर घेऊन जा म्हटलंय.