सँडविचमुळे महायुद्ध झालं म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी तो मेसेज परत टाकलाय. थोडक्यात असं की १९१४ साली साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा ड्रायव्हर रस्ता चुकला, नेमका तिथेच मारेकरी सँडविच खात उभा होता, त्याने गोळी झाडली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, सगळा नशिबाचा खेळ. त्याखाली युवराजाच्या गाडीच्या नंबरप्लेटची भविष्यवाणी, तीन चुलतभाऊ राजांचं भांडण, मशिनगनने सगळ्यात जास्त माणसं मारली आणि टँकने युद्ध संपवलं, आणि शेवटी "गोऱ्यांचं गोऱ्यांशी, आपला काय संबंध". काकांना ग्रुपवर उलट उत्तर देणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी सँडविच. मारेकरी, म्हणजे बोस्नियातला सर्ब तरुण गाव्रिलो प्रिन्सिप, शिलर नावाच्या खाद्यपदार्थांच्या दुकानाजवळ उभा होता हे खरं, पण सँडविच नंतर कोणीतरी चिकटवलंय, त्याच्या कोर्टातल्या जबानीत ते कुठेही नाही. तो तिथे भूक लागली म्हणून गेलाच नव्हता. २८ जूनला सकाळी त्याच्या साथीदाराने टाकलेला बॉम्ब फुकट गेला, मागच्या गाडीतले लोक जखमी झाले, मग प्रिन्सिप जाऊन उभा राहिला तो आधीच जाहीर झालेल्या परतीच्या रस्त्यावर. युवराज फ्रान्झ फर्डिनांडने टाउन हॉलमध्ये ठरवलं की जखमींना बघायला हॉस्पिटलमध्ये जायचं, म्हणजे नदीकाठाने सरळ, पण हे ड्रायव्हरला कोणी नीट सांगितलंच नाही, तो बिचारा जुन्या प्रोग्रॅमप्रमाणे उजवीकडे वळला. म्हणजे ड्रायव्हर चुकला नाही, साहेब लोक सांगायला विसरले! गव्हर्नर ओरडला, गाडी थांबली आणि प्रिन्सिप दोन पावलांवर. नशीब एवढंच, नाहीतर प्रिन्सिप धरून सहा पोरं बॉम्ब आणि पिस्तुलं घेऊन रस्त्याच्या कडेला पेरलेली होती.

नंबरप्लेटचं मात्र मला गंमत म्हणून आवडतं. गाडीचा नंबर ए ३ ११८, त्यातला तीन रोमन आकड्यात, म्हणजे तीन उभ्या रेघा. मेसेजवाले त्या रेघांचे एक-एक-एक करून ११-११-१८ वाचतात म्हणजे युद्ध थांबल्याची तारीख, आणि ए म्हणजे आर्मिस्टिस, युद्धबंदी. गाडी आजही व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, नंबरही खराय. पण ए हे व्हिएन्नाच्या गाड्यांचं अक्षर होतं, आर्मिस्टिसला जर्मनमध्ये वेगळाच शब्द आहे, आणि मुख्य म्हणजे ऑस्ट्रियाची युद्धबंदी झाली ३ नोव्हेंबरला, ११ तारीख जर्मनीची. भविष्यवाणी करायचीच होती तर गाडीने निदान स्वतःच्या देशाची तरी करायची.

आता खरा मुद्दा. गोळी २८ जूनची, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. मधला अख्खा महिना काय झालं ते मेसेजमध्ये नाहीच. ऑस्ट्रियाचा सेनापती कॉनराड सर्बियावर हल्ला करा म्हणून आधीची कित्येक वर्षं मागे लागला होता, आणि त्याला अडवणाऱ्यांत कोण, तर हाच मेलेला युवराज! ५-६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं की काहीही करा, आम्ही पाठीशी. मग सैनिक कापणीच्या सुट्टीवर होते म्हणून थांबले, मग फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रशियात पाहुणे होते, ते बोटीत बसून निघेपर्यंत थांबले आणि २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांत अटी मान्य करा असा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या तरी पुढे गेलेच. हे इतकं तारखा बघून केलेलं काम अपघात कसं?

तीन चुलतभाऊ तर नात्यातच चूक. रशियाचा झार निकोलस आणि इंग्लंडचा राजा जॉर्ज हे मावसभाऊ, त्यांच्या आया डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी. जर्मनीचा कैसर विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ, आणि निकोलस हा विल्हेल्मच्या मावसबहिणीचा नवरा. आणि भांडण म्हणावं तर शेवटच्या दिवसांत विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना "विली", "निकी" म्हणून तारा करत होते, निकोलसने एकदा सगळं सैन्य युद्धासाठी गोळा करायचा हुकूम मागेही घेतला, दुसऱ्या दिवशी सेनापतींपुढे मान टाकली. १ ऑगस्टला विल्हेल्म म्हणाला, सगळं सैन्य फक्त रशियाकडे वळवा, तर सेनापती मोल्टके म्हणतो शक्य नाही, आगगाड्यांचं वेळापत्रक ठरलंय. नात्यागोत्यापेक्षा रेल्वेचं टाइमटेबल वजनदार ठरलं.

शस्त्रांबद्दल, मशिनगन भयानक होती यात वाद नाही, पण सगळ्यात जास्त माणसं मारली आणि जखमी केली ती तोफांनी. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधी इंग्रजांनी आठवडाभरात सुमारे १५ लाख गोळे टाकले, तरी जर्मनांच्या काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी तशाच, आणि १ जुलै १९१६ ला एका दिवसात इंग्रजांचे १९,२४० मेले. टँक तिथेच सप्टेंबरात पहिल्यांदा आले, पन्नासच्या आत, त्यातले कित्येक वाटेतच बंद पडले. टँकने एकट्याने युद्ध संपवलं नाही. त्यापेक्षा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरबद्दल लिहायचं होतं, ज्याच्या शोधातून हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनू लागलं, त्याच अमोनियावर नाकेबंदीतही जर्मनीची स्फोटकं बनत राहिली, आणि २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला शत्रूवर क्लोरीन हा विषारी वायू सोडायला माणूस स्वतः हजर. आज जगाचं पोट भरणारं खत आणि तो विषारी वायू एकाच डोक्यातून आलेत, आणि मेसेजवाल्यांना सँडविच सापडलं.

आणि आपला काय संबंध? काका, इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या डिव्हिजनचं नावच "सहावी पूना" होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले, त्यातले हजारो तुर्कांच्या कैदेत मेले. साताऱ्याकडे, कोकणात काही गावांत अजून संगमरवरी पाटी दिसते, या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. नावं नाहीत, नुसते आकडे.