‘कॉलेज सोडा, अप्रेंटिस व्हा’ या मेसेजला एका जुन्या अप्रेंटिसचं उत्तर

दहावीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘पदवी म्हणजे रद्दी, कंपन्या फक्त कौशल्य बघतात. अप्रेंटिस व्हा, पहिल्या दिवसापासून कमवा, दोन वर्षांत पर्मनंट. जर्मनी अशीच मोठी झाली.’ मी आयटीआय करून नाशकात सातपूरच्या कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगिरीवर, लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) उभा राहिलो आणि त्याच विद्येवर आजवर पोट भरलं. त्यामुळे मी या मेसेजच्या बाजूचा, असं पोरांना वाटतं. मी नाही.

‘पदवी म्हणजे रद्दी.’ अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड २०१९ च्या नियमांनी ठरवला तो शिक्षण बघूनच : पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, आयटीआयवाल्याला ७,०००, पदवीधराला ९,०००. नाशिकजवळच्या ओझरची विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आयटीआयवाल्यांबरोबर डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनाही अप्रेंटिस घेते. मग हे दोन रस्ते एकमेकांचे वैरी कधीपासून झाले? मला सुपरवायझर करायची वेळ आली तेव्हा साहेबांनी हात बघितला नाही, डिप्लोमा विचारला. आयटीआयनंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा करता येतो, हे तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

‘दोन वर्षांत पर्मनंट.’ हे सगळ्यात घातक वाक्य. १९६१ चा अप्रेंटिस कायदा सांगतो की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर त्याला नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही. आमच्या बॅचमधले दोघेच ठेवून घेतले. मी त्यात नव्हतो. तरी ते वर्ष फुकट गेलं असं मी कधी म्हणणार नाही. उस्तादांनी पहिले कितीतरी दिवस मला नुसता मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, धरायला लावला. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, गरम असताना माप बरोबर भरतं आणि गार झाला की तोच जॉब मापाला कमी निघतो, हे मी वर्गात लिहून घेतलं होतं. हाताला कळलं ते तीन जॉब रिजेक्ट झाल्यावर, आणि उस्तादांच्या शिव्या खाल्ल्यावर. पुढची नोकरी मला या हातावर आणि राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्रावर मिळाली, कंपनीच्या मेहरबानीवर नाही.

पण असा उस्ताद सगळ्यांना मिळतो कुठे? एमआयडीसीत ‘ट्रेनी’ म्हणून लागलेली कितीतरी पोरं कॉन्ट्रॅक्टरकडची हेल्पर असतात. वर्षभर तुकड्यांच्या कडांना राहिलेली धारदार बर घासून काढायची, ट्रॉली ढकलायची, मशीनच्या पॅनलला हात लावायचा नाही. मेसेज या दोघांना एकाच नावाने हाक मारतो.

‘पहिल्या दिवसापासून कमवा.’ घर नाशकात असेल तर सात हजारांत भागतं. पेठ-सुरगाण्याहून येऊन अंबडला खोली करणाऱ्या पोराला घरूनच पैसे मागवावे लागतात.

‘जर्मनी अशीच मोठी झाली.’ अर्धंच सांगितलंय. तिथला अप्रेंटिस आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस व्यवसायशाळेत बसतो, दोन ते साडेतीन वर्षं शिकतो आणि शेवटी परीक्षा देतो. ती परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योगांचं किंवा कारागिरांचं मंडळ घेतं. वर्ग सोडायला तिथे कोणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात भाचा ‘ट्रेनी’ म्हणून घेतल्याचं असंच एक पत्र घेऊन आला. पत्रावर ना ट्रेडचं, म्हणजे कुठलं काम शिकवणार त्याचं, नाव, ना परीक्षेचा उल्लेख. म्हणाला, “मामा, सही करू का?” मी म्हटलं, “आधी एवढंच विचारून ये, अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का?” संध्याकाळी हात हलवत परत आला. पत्र त्यांनी मागून घेतलं होतं.